ऑलिंपिकचा फुटबॉल की एशियाडचा? भाच्याचा प्रश्न

कोथरूडचा भाचा विचारतो, मामा, दोन्हीकडे २३ वर्षांखालचीच पोरं आणि वर फक्त तीन सीनियर, मग मी बघू कुठला?

खेळाचा दर्जा म्हणशील तर ऑलिंपिकच, वादच नाही. पॅरिस २०२४ ची फायनल आठव, स्पेनने फ्रान्सला एक्स्ट्रा टाइममध्ये ५-३ हरवलं.

पण आपली टीम? १९६० नंतर ऑलिंपिकला गेलीच नाहीये रे. १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथे आलो होतो, ते आता आजोबांनीच सांगायचं. एशियाडमध्ये मात्र १९५१ आणि १९६२ ची गोल्ड आहेत, आणि २०२३ ला हांगझोऊत बाद फेरीपर्यंत गेलो, सौदीने २-० ने काढलं ते सोड. शिवाय कोरियाची पोरं तिथे जीव तोडून खेळतात कारण गोल्ड मिळालं की लष्करी सेवेतून सूट, असलं टेन्शन दुसरीकडे क्वचितच.

वेळ बघ: जपानमधल्या नागोयाच्या एशियाडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे दुपारी, म्हणजे ऑफिसात मोबाइल लपवून, त्यात २०२६ ला गणपतीही मध्येच. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकची संध्याकाळची मॅच सकाळच्या चहाबरोबर.

उद्याचे स्टार हेरायचे असतील तर ऑलिंपिक, कोणासाठी तरी घसा फोडायचा असेल तर एशियाड. मी एशियाडवाला.