पान उघडल्यावर स्क्रिप्ट कधी चालवावी: ऑनलोड, डॉमकंटेंटलोडेड की डिफर?

गोव्यातल्या मांद्रे-आश्वें पट्ट्यातल्या गेस्टहाउसची संकेतस्थळं साधारण एकाच साच्यातली. वर समुद्राचा भलामोठा फोटो, खाली खोल्यांचे फोटो, कोपऱ्यात मेनूचं बटण. पावसात नेटवर्क रडतखडत चालू असताना फोनवर ते बटण दाबावं तर ढिम्म. बटण ठीक असतं. त्याची स्क्रिप्ट (ते चालवणारा जावास्क्रिप्ट कोड) 'विंडो.ऑनलोड'ला, म्हणजे पान पूर्ण उतरल्यावर ब्राउझर देतो त्या इशाऱ्याला, बांधलेली असते आणि पानावरचा शेवटचा फोटो उतरेपर्यंत ऑनलोड जागचा हलत नाही. पंगतीतला शेवटचा माणूस बसेपर्यंत कुणालाच भात वाढायचा नाही, तसला प्रकार.

ऑनलोडच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की तो जुन्या-नव्या सगळ्या ब्राउझरांत चालतो. फोटोंची खरी उंची-रुंदी मोजून काही मांडायचं असेल तर तो हवाच. पण 'विंडो.ऑनलोड =' असं दोन फायलींत लिहिलं की दुसरी पहिलीला पुसून टाकते: फोटो सरकतात, बुकिंगचं कॅलेंडर मात्र मेलेलं, आणि कन्सोलवर (ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एरर म्हणून काही नाही. म्हणून लोड (हाच इशारा) वापरायचाच तर जुन्याला न पुसता नवं फंक्शन जोडणाऱ्या 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर'ने.

'डॉमकंटेंटलोडेड' हा दुसरा इशारा फोटोंसाठी थांबत नाही. एचटीएमएल वाचून झालं आणि डिफरवाल्या (एचटीएमएल संपेपर्यंत थांबणाऱ्या) स्क्रिप्ट चालल्या की तो येतो. मेनू, फॉर्म, कॅलेंडर यांना तेवढं पुरतं. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना तो ठाऊकच नव्हता, २०११ मध्ये नवव्या आवृत्तीत आला. तोवर प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी कसरत करावी लागायची. ती जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं 'रेडी' फंक्शन आपल्या अंगावर घ्यायचं, म्हणून ते इतकं पसरलं. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निरोप दिला. आता निव्वळ 'रेडी'साठी जेक्वेरी ओढून आणण्यात अर्थ नाही. साइटवर आधीपासून असेल तर काढायची घाईही नको.

'रेडी'चा एक गुण मात्र अजून कामाचा आहे. तुमची स्क्रिप्ट उशिरा पोचली, तर डॉमकंटेंटलोडेड होऊन गेलेला असतो आणि परत येत नाही. तुमचं फंक्शन वाट बघत बसतं. 'रेडी' अशा वेळी काम लगेच उरकतं. तेच हाताने करायचं तर 'डॉक्युमेंट.रेडीस्टेट' तपासा: 'लोडिंग' असेल तर लिसनर (इशाऱ्याची वाट बघणारं फंक्शन) लावा, नसेल तर फंक्शन तिथल्या तिथे चालवा. दोन-तीन ओळींचं काम.

नवीन साइट असेल तर माझं मत सरळ स्क्रिप्ट टॅगमध्ये लिहायच्या 'डिफर'ला. फाइल मागच्या मागे उतरते, एचटीएमएल संपल्यावर लिहिलेल्या क्रमाने चालते, आणि बहुतेक वेळा लिसनरची भानगडच उरत नाही. अट एकच: स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत हवी. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर डिफरचा काही परिणाम होत नाही. 'असिंक' हा टॅगमधला तसाच दुसरा शब्द, पण तो क्रम पाळत नाही. भेटी मोजणाऱ्या स्क्रिप्टला ते चालेल. कॅलेंडर आणि त्याची लायब्ररी यांना दोघांनाही असिंक लावलंत, तर ते कधी चालेल, कधी नाही. 'मॉड्यूल' (स्क्रिप्टचा नवा प्रकार) आपोआप डिफरसारखंच वागतं. क्रोम आणि सफारीत २०१७ पासून, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून ते आहे. मात्र लॅपटॉपवरची फाइल डबल-क्लिक करून उघडलीत तर मॉड्यूलची फाइल लोडच होत नाही. लोकल सर्व्हर लागतो.

आणि यांपैकी काहीही निवडलंत तरी बॅक बटण वेगळं तपासा. पाहुण्याने 'बुक करा' दाबलं, तुम्ही बटण बंद करून त्यावर 'थांबा…' लिहिलंत, तो पेमेंटच्या पानावर गेला आणि मन बदलून मागे आला. सफारी, फायरफॉक्स आणि आता क्रोमही अनेकदा पान जसंच्या तसं स्मृतीतून काढून दाखवतात. लोड येत नाही, डॉमकंटेंटलोडेड येत नाही, डिफरवाली स्क्रिप्टही नव्याने चालत नाही. बटण 'थांबा…' वरच अडकलेलं. तिथे 'पेजशो' (पान दर वेळी दिसल्यावर येणारा इशारा) ऐका, त्यातलं 'पर्सिस्टेड' ट्रू असेल, म्हणजे पान स्मृतीतून आलं असेल, तर बटण पुन्हा चालू करा.