"वकील फ्री आहे ताई, कोर्ट फ्री नाही" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. माझे ६५,६०० रुपये गेलेत

मोफत वकील देतो म्हणून एका तोतया वकिलाने आणि त्याच्या साथीदार बाईने मला फसवलं. आधी आकडे लिहिते, कारण सगळे पहिला प्रश्न "किती गेले" हाच विचारतात. रजिस्ट्रेशनचे २,१०० रुपये, "डीआयआर रिपोर्ट"चे (म्हणजे घरातल्या मारहाणीचा अहवाल) ६,५००, "प्रोटेक्शन ऑर्डरची कोर्ट फी" (नवऱ्याला त्रास द्यायला मनाई करणारा कोर्टाचा संरक्षण आदेश) म्हणून १८,०००, "रिफंडेबल कोर्ट डिपॉझिट" ३५,००० आणि शेवटी "बेलिफाचा (नोटीस पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा) नोटीस खर्च" ४,०००. टोटल ६५,६०० रुपये. ह्यातले ३५,००० आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले आहेत, बाकीचे दादाने दिले, तेही वहिनीला न सांगता. आणि ह्यातली एकही गोष्ट पैसे देऊन घ्यायची नसतेच. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या बाईला ह्यातलं सगळं कायद्याने फुकट आहे. हे मला पैसे गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

हे लोक कसे गाठतात ते सांगते. बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "पीडित महिलांसाठी मोफत कायदेशीर सहाय्य", वर अशोकस्तंभ, खाली मोबाईल नंबर. मी मुलीला घेऊन माहेरी आले होते, नवरा रोज दारू पिऊन फोन करायचा, पोरीला शाळेतून उचलून नेईन म्हणायचा. मी मेसेज केला तर दहा मिनिटांत एका बाईचा फोन. तिने आधी पैशाचं नावच काढलं नाही. "ताई, मी पण ह्यातूनच गेलीये, तुम्ही जेवलात का" असं विचारलं. सासरी इतकी वर्षं काढली, पोलीस स्टेशनला जाऊन आले, मला जेवलात का हे कुणीच विचारलं नव्हतं. मी रडले. जे काय घडलं ते सगळं सांगून टाकलं, कुठे मारलं, काय बोलला, सासू काय म्हणाली, सगळं. मग तिने "ॲडव्होकेट साहेबां"ना फोन जोडून दिला.

मी विचारलं होतं, हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर सगळे मलाच म्हणाले की शिकलेली असून विचारलं कसं नाहीस. मी स्पष्ट विचारलं होतं की मोफत आहे ना, मग फी कसली? तो म्हणाला, "वकील फ्री आहे ताई, कोर्ट फ्री नाही. सरकारी फी तर सरकारलाच जाते." आता सांगा, ह्यात न पटण्यासारखं काय होतं? सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदाला आपण पैसे भरतोच की. कोर्टात तर पाऊल टाकलं की पैसे, असंच लहानपणापासून ऐकलेलं. खोटं बोलायचं तर असंच बोलतात, अर्धं खरं वाटेल असं.

आणि खरं काय आहे ते ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये महिलेला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नवरा कमावतो का, भाऊ कमावतो का, तुमच्या नावावर घर आहे का, ह्याचा काही संबंध नाही. फुकट म्हणजे नुसता वकील नाही, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, अर्ज लिहून देणं, नकला, सगळं त्यातच आलं. आणि आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा केसेसमध्ये बायकांना कोर्ट फी माफच आहे. म्हणजे माझ्याकडून जे १८,००० घेतले ती फीच अस्तित्वात नाही. डीआयआर म्हणजे डोमेस्टिक इन्सिडेंट रिपोर्ट, तो संरक्षण अधिकाऱ्याने (अशा बायकांच्या मदतीला सरकारने नेमलेला अधिकारी) भरून द्यायचा असतो, ते त्याचं कामच आहे, त्याचे पैसे नाहीत. सुनावणीची नोटीस नवऱ्याला पोचवायची जबाबदारीसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १३ खाली संरक्षण अधिकाऱ्यावर टाकलेली आहे, बेलिफाचा खर्च कुठून आला? आणि कोर्टाने ऑर्डर दिली की तिची प्रत कलम २४ प्रमाणे फुकट द्यायची असते. डिपॉझिट नावाचा तर प्रकारच नाही. हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक पोलीस स्टेशनच्या दारात लावलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

आता ती वेळ सांगते जी मला रात्री झोपू देत नाही. ३५,००० भरायची वेळ. त्याने क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला तर वर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. कोर्टाचं नाही, सरकारचं नाही, कुठल्या वकिलाचंही नाही. मोबाईल शॉपी. माझा अंगठा थांबला होता. मी खरंच स्क्रीनकडे बघत बसले, आई शेजारी होती, ती म्हणाली काय गं झालं. मी त्याला फोन लावून विचारलं. तो एक सेकंदही अडखळला नाही, म्हणाला, "ताई, कोर्टाचं अकाउंट दुपारनंतर बंद असतं, हे आमच्या फ्रँकिंगवाल्याचं आहे, आज नाही भरलं तर तुमची तारीख पुढच्या महिन्यात जाईल." आणि मागे तीच बाई बोलताना ऐकू येत होती, "पोरीचं बघा हो साहेब, लहान आहे." त्याच दिवशी सकाळी नवऱ्याने शाळेच्या गेटवर फेरी मारलेली, वॉचमनने दादाला सांगितलेलं. त्या बाईला ते मीच सांगितलं होतं. माझ्याच भीतीचा तिने वापर केला. मी पिन टाकला. कुठल्या आईने नसता टाकला?

म्हणून सांगते, स्क्रीनवर दुकानाचं किंवा कुणा माणसाचं नाव आलं की संपलं, तिथेच थांबा, समोरचा काय कारण देतो ते ऐकूच नका. कारण त्याच्याकडे तयारच असतं.

अजून एक. खरा वकील तुमच्याकडून वकीलपत्रावर, म्हणजे त्याला तुमची केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही घेतो. माझ्याकडून ह्याने आधारचा फोटो घेतला, लग्नपत्रिकेचा घेतला, माराचे वळ दिसणारे फोटो घेतले (ते आता त्याच्याकडेच आहेत, ह्या विचाराने अंगावर काटा येतो), पण वकीलपत्र नाही. "तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही" म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं, नवऱ्याचं तोंड बघायला नको म्हणून.

मग पीडीएफ आली. "प्रोटेक्शन ऑर्डर". शिक्का, सही, अशोकस्तंभ, माझं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, सगळं बरोबर. कारण सगळं मीच दिलेलं. मी ती कलर प्रिंट काढून लॅमिनेट करून आणली. प्रोटेक्शन ऑर्डर मोडली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याने सांगितलेलं आणि नेमकं एवढं एकच खरं होतं. मला वाटलं आता हा कागद आहे म्हणजे आपण सुटलो.

नवरा आला. रात्री, पिऊन, दार बडवत. मी ११२ ला फोन केला, पोलीस आले, ते वेळेत आले हे मान्य करते. मी ताठ मानेने तो लॅमिनेट केलेला कागद त्यांच्या हातात दिला. हवालदाराने टॉर्च मारून वाचला, परत वाचला, आणि म्हणाला, "मॅडम, ह्यावर तारीख रविवारची आहे. आणि केस नंबर कुठाय?" सगळी गल्ली बाहेर उभी. नवरा आधी गप्प होता, मग जो हसायला लागला. म्हणे, खोटी ऑर्डर बनवलीस, आता बघ तुझ्यावरच केस टाकतो. त्याला तर त्या रात्री नुसती समज देऊन सोडलं आणि मला सकाळी स्टेशनला बोलावलं. कशाला? तर हा कागद "तुम्ही बनवून घेतला का" हे विचारायला.

इथून पुढचा प्रकार पैसे जाण्यापेक्षा जास्त लागलाय मला. फसवणुकीची तक्रार द्यायला गेले तर ठाणे अंमलदार म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना, मग चोरी कशी?" चोरी कोण म्हणतंय साहेब, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे त्यासाठी. तर म्हणे ऑनलाईन आहे, सायबरला जा. सायबरला गेले तर ते म्हणाले १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन का नाही केला, आता पैसे पुढे निघून गेले, आणि बनावट ऑर्डरचं तुमच्या स्थानिक स्टेशनला. म्हणजे पैशाचं इकडे, कागदाचं तिकडे, आणि मी मधे पोरगी कडेवर घेऊन उभी. (१९३० चं मात्र खरं आहे. कळल्या कळल्या त्याच तासात फोन करा, पैसे गोठवता येतात. मला कळलं तेव्हा आठवडे उलटले होते, मी काय करणार?) बार कौन्सिलकडे तक्रार करावी म्हटलं तर तिथे सनद असलेल्या वकिलाविरुद्धच चालते आणि हा तर वकीलच नव्हता. वकील नसताना वकिली केली तर ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, ते मी वाचून गेले, तर समोरचे साहेब म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

आणि सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये? मी ह्या फसवणाऱ्याकडे जायच्या आधी ह्याच पोलीस स्टेशनला गेले होते. हात सुजलेला होता. २००५ च्या कायद्याचं कलम ५ असं सांगतं की अशी तक्रार आली की पोलिसांनी बाईला सांगायचं असतं, तुला संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी आहे, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. सांगायचंच असतं, मर्जीचा प्रश्न नाही. मला काय सांगितलं? "घरातलं भांडण आहे, पोरीकडे बघून घ्या मिटवून." आणि एकाने तर छातीठोकपणे सांगितलं की भाऊ कमावता आहे, फ्री वकील मिळणार नाही. साफ चूक. त्या दिवशी कुणी एक वाक्य बोललं असतं, "कोर्टाच्या बिल्डिंगमध्ये विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जा", तर ६५,६०० वाचले असते आणि आईच्या हातात पाटल्या असत्या. मग मला सांगा, ह्यात फक्त त्या दोघांनीच फसवलं का?

संरक्षण अधिकारी कोण हे शोधायला गेले तर त्यांच्याकडे दुसऱ्या खात्याचाही चार्ज, ते दुसऱ्या तालुक्यात, टेबलावर फाईलींचा ढीग. त्या माणसाला दोष तरी किती द्यायचा. पण कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करायचा प्रयत्न, आणि इथे रिपोर्टचा फॉर्म भरायलाच माणूस जागेवर नाही. ही पोकळी आहे ना, तिथेच हे चोर दुकान टाकून बसतात.

आता माझी केस लागलीये, खरी. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला, साधा एक पानी, आधारची झेरॉक्स, बस. वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत वकीलपत्रावर सही घेतली आणि बजावलं की माझ्यासकट कुणीही एक रुपया मागितला तर वर सचिवांकडे लेखी द्यायचं, ते सचिव स्वतः न्यायाधीश असतात. कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश मागितलाय. अर्ज दाखल झाला तशी वकीलबाईंनी सीएनआर नंबर दिला, सोळा अक्षरं-आकड्यांचा, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की केस दिसते, तारीख दिसते. मी तो नंबर टाकून स्वतःचं नाव बघितलं तेव्हा किती वेळ बघत होते. जो "वकील" सीएनआर द्यायला टाळाटाळ करतो त्याने काहीही दाखल केलेलं नाही, एवढं धरून चाला.

जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर तालुका कोर्टातही विधी सेवा समिती असते. फोनवर विधी सेवेची हेल्पलाईन १५१०० लावा, टोल फ्री आहे. मारहाण चालू असेल तर ११२, आणि महिला हेल्पलाईन १८१. ह्यातलं कुणीही क्यूआर पाठवत नाही. आणि घरातल्यांनो, तुम्हालाही सांगते, फसलेल्या बाईला "अक्कल कुठे गेली होती" विचारू नका. मी त्याच भीतीने दादाला उशिरा सांगितलं, आणि त्या उशिरात शेवटचे ४,००० गेले. नंतर अजून २२,००० मागितले होते "पोलीस बंदोबस्ता"चे, तेवढे नाही दिले.

एफआयआर अजून नाही. स्टेशनने नाकारलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एसपींना लेखी पोस्टाने पाठवता येतं, ते रजिस्टर्ड पाठवलंय, पोच ठेवलीये, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार. त्या चोरांचा नंबर परवापर्यंत चालू होता, मी दुसऱ्या फोनवरून लावला तर तीच बाई, तोच आवाज, "ताई, जेवलात का". जिला कुणाला अशी रविवारची किंवा केस नंबर नसलेली ऑर्डर आली असेल तिने ती लाजून डिलीट करू नका, क्यूआरचा स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), चॅट, सगळं ठेवा आणि आपापल्या स्टेशनला लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. एकटीची तक्रार हे लोक टेबलाखाली सरकवतात, चार जिल्ह्यांतून त्याच खात्यावर बोट गेलं तर त्यांना ते मोबाईल शॉपीचं खातं उघडून बघावंच लागेल.