बीबीसी मायक्रो घ्यावा का झेडएक्स स्पेक्ट्रम?

जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना माझं सरळ सांगणं, बीबीसी मायक्रो दिसला की सोडू नका. १९८१ चं मशीन, आणि १९८४ च्या 'क्लास' योजनेत (शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायची सरकारी योजना) सरकारनं आपल्याकडच्या शाळांना हेच दिले होते, त्यामुळं भंगारवाल्याकडं नाहीतर एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत निघूबी शकतो. कीबोर्ड एकदम दणकट, मॉडेल बी असंल तर रॅम ३२ केबी. फक्त घरी आणला की लगेच प्लग लावू नका राव! पॉवर सप्लायमधले पिवळट पारदर्शक कपॅसिटर (वीज साठवणारे बारके पार्ट) आधी बघा, त्यांना बारीक तडे गेलेले असतात, आत ओल शिरते आणि करंट दिला की फट्ट करून खोलीभर धूर, म्हणून ते बदलूनच मशीन चालू करायची.

स्पेक्ट्रम १९८२ चा, ४८ केबीवाला बघा, लई छोटा, कपाटात कुठंबी बसतो. पण रबरी बटनांखालची मेंब्रेन, म्हणजे बटन दाबलेलं ओळखणारी पातळ प्लास्टिकची पट्टी, कडक होऊन तुटते, अन् परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवला तर विचारूच नका. नवी मेंब्रेन ऑनलाइन मिळते म्हणा. नुसते गेम खेळायचे तर हाच घ्या, पण हार्डवेअर शिकायचं असंल तर बीबीसीच, त्याच्या मागं आणि खाली इतके पोर्ट, म्हणजे बाहेरची यंत्रं जोडायच्या जागा, आहेत की काय काय जोडावं असं होतं.