‘पत्रं नकोत, शेवटी हिशेब करू’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

मागच्या आठवड्यात एका तरुण ठेकेदाराचा फोन आला. त्याच्या साइटवर काम अडलंय आणि मालकाचे प्रोजेक्ट मॅनेजर त्याला म्हणालेत, ‘पत्रव्यवहार कशाला? संबंध बिघडतात. काम पूर्ण करा, शेवटी बसून हिशेब करू.’ हेच शब्द मला ऐकवले गेले होते. मी विश्वास ठेवला आणि त्यात जे गेलं ते आजतागायत भरून निघालेलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं कंत्राट फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) १९९९ च्या लाल पुस्तकावर, म्हणजे त्यांच्या छापील नमुना कंत्राटावर होतं. त्यात डिझाइन मालकाचं, बांधकाम आमचं, आणि मध्ये मोजमाप, सूचना, बिलं पाहायला ‘इंजिनिअर’. या पुस्तकावर मी आधीही कामं केली होती. टेंडरपूर्व बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं की अटी छापील फिडिकच्याच आहेत, बदल किरकोळ आहेत. मी दर आणि मोजमापं पुन्हा पुन्हा तपासली. विशेष अटी, म्हणजे छापील सर्वसाधारण अटींत त्या कामापुरते केलेले बदल, मात्र नुसत्या चाळल्या. माझी पहिली चूक तिथेच झाली.

सर्वसाधारण अटी आणि विशेष अटी यांच्यात विसंगती असेल तर विशेष अटी वरचढ ठरतात. १.५ कलमात कागदपत्रांचा हा क्रम स्पष्ट दिलेला आहे. आमच्या विशेष अटींत दोन बदल होते आणि दोन्ही मिळून जेमतेम चार ओळींचे. पहिला बदल २०.१ कलमात होता. मूळ कलमानुसार वाढीव मुदत किंवा जादा पैसे हवे असतील, तर घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत इंजिनिअरला नोटीस द्यावी लागते. ती चुकली तर मुदतही नाही आणि पैसेही नाहीत. आमच्याकडे या २८ चे १४ केले होते. दुसरा बदल ३.३ मध्ये. मूळ पुस्तकात ठेकेदाराला एक आधार आहे: इंजिनिअरने तोंडी सूचना दिली, तुम्ही दोन कामकाजाच्या दिवसांत ती लेखी कळवली आणि पुढच्या दोन कामकाजाच्या दिवसांत त्याने लेखी नकार दिला नाही, तर तुमचं पत्रच लेखी सूचना ठरतं. हा भाग काढून तिथे एकच वाक्य घातलं होतं, फक्त इंजिनिअरच्या सहीची लेखी सूचनाच ग्राह्य. म्हणजे आम्हाला अडकवणारी अट अर्ध्यावर आणली आणि वाचवणारी अट काढून टाकली. दोन बदल वेगवेगळ्या पानांवर होते. शेजारी शेजारी ठेवून वाचले असते तर हेतू तेव्हाच दिसला असता.

पायाच्या खोदाईत कठीण खडक लागला. टेंडरसोबतच्या बोअरच्या (जमीन तपासायला पाडलेल्या छिद्रांच्या) नोंदींत त्या खोलीवर त्याचा मागमूस नव्हता. अनुभवी ठेकेदाराला आधी कळू शकली नसती अशी जमिनीखालची परिस्थिती निघाली, तर ४.१२ कलमाखाली मुदत आणि खर्च दोन्ही मागता येतात. आमच्या कार्यालयाने नोटिशीचा मसुदाही तयार केला होता. त्याच दिवशी मालकाचे प्रोजेक्ट मॅनेजर आणि इंजिनिअरचे प्रतिनिधी साइटवर आले. दोघांनी खडक पाहिला. फोडायची पद्धत सांगितली, पायाची पातळी खाली न्यायला सांगितली, वर उपसा पंपही वाढवायला लावले. मी नोटिशीचं बोललो तेव्हा मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अहो, आम्ही डोळ्यांनी बघतोय ना? आत्ता क्लेमचं पत्र आलं तर वरचे लोक बिथरतील, तुमचीच बिलं अडकतील. तुमचं नुकसान होऊ देणार नाही.’ मसुदा टेबलाच्या खणातच राहिला.

पुढचे काही महिने आम्ही खडक फोडला, जादा यंत्रं लावली, रात्रपाळ्या केल्या. दरमहा बिलात जादा काम दाखवायचो आणि दरमहा ती रक्कम ‘नंतर पाहू’ म्हणून वगळली जायची. तेव्हाही मला संशय आला नाही, कारण बोलणं गोड होतं आणि बाकीचं बिल मिळत होतं.

काम संपत आल्यावर पूर्ण क्लेम दिला. उत्तर दीड पानाचं आलं: नोटीस मुदतीत नाही, सबब २०.१ नुसार हक्क संपुष्टात. खडक आम्हाला कोणत्या तारखेला कळला, याचा पुरावा म्हणून आमचाच दैनंदिन अहवाल जोडला होता. त्यावर माझ्या साइट इंजिनिअरची सही होती. आमच्याच कागदावरून दिवस मोजून आम्हाला बाद केलं. पायाच्या बदललेल्या पातळीची लेखी सूचना कुठे आहे, असंही विचारलं. ती कुठेच नव्हती. मुदतवाढ नाही म्हणून काम उशिरा झाल्याचं ठरलं आणि ८.७ खाली विलंबाची भरपाईही कापली. खडक फोडायचा खर्च आमचा, आणि खडकामुळे झालेल्या उशिराचा दंडही आमचाच. पत्र वाचलं त्या रात्री घरी काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

त्या मॅनेजरना भेटायला गेलो. मी असं काही बोललोच नाही, असं ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या एकाने नंतर सांगितलं की आमच्या १४ दिवसांची मोजणी त्यांच्या कार्यालयात पहिल्या दिवसापासून सुरू होती. हे ऐकल्यावर मी याला गैरसमज म्हणायचं सोडलं. ही फसवणूक होती.

शेवटच्या बिलाच्या वेळी अजून एक कागद पुढे आला. मूळ १४.१२ नुसार अंतिम हिशेबासोबत ‘हा पूर्ण आणि अंतिम हिशेब आहे’ असं लिहून द्यावं लागतं. पण आमचे वादातले आकडे वगळून तयार केलेल्या हिशेबावर ते हे लिहून मागत होते, आणि सही नाही तर पैसे नाहीत म्हणत होते. इथे मात्र वकिलाला विचारल्याशिवाय सही केली नाही. ती केली असती तर पुढे एक अक्षर बोलता आलं नसतं.

थोडं वाचलं ते आमच्या एका कनिष्ठ इंजिनिअर मुलीमुळे. पंप वाढवायला सांगितलं त्याच संध्याकाळी तिने इंजिनिअरला ईमेल केला होता: ‘आज सांगितल्याप्रमाणे खोदाईत पाणी आल्याने जादा पंप लावत आहोत, यामुळे वेळ व खर्च वाढेल.’ तीन ओळी, कलमाचा उल्लेखही नाही. पण घटना लिहिलेली होती, १४ दिवसांच्या आत होती, आणि टेंडरच्या परिशिष्टात ईमेल हा मान्य मार्ग होता. उपशाचा क्लेम त्यावर टिकला. खडकाचा गेला.

२०१७ च्या आवृत्तीवर काम असेल तर एवढ्याने भागणार नाही. तिथे पत्रावर ते ‘नोटीस’ आहे असं लिहिलेलं असावं लागतं, आणि सविस्तर क्लेमला ८४ दिवस आहेत. त्यात कंत्राटातला आधार दिला नाही तर आधीची नोटीसही रद्द समजली जाते. इंग्लंडमधल्या एनईसी कंत्राटांत नोटिशीची मुदत आठ आठवडे असते. पण छापील आकडे पाठ असून उपयोग नाही. तुमच्या विशेष अटींत काय लिहिलंय ते सही करण्याआधी मूळ पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. नोटिशीचे दिवस, तोंडी सूचना, पैसे देण्याची मुदत आणि वाद मंडळ (वादावर निर्णय देणारं मंडळ), हात बहुतेक इथेच घातलेला असतो.

फोन करणाऱ्या त्या मुलाला मी विचारलं, काम अडून किती दिवस झाले? तो म्हणाला, अकरा. त्याच्या विशेष अटी मागवून पाहिल्या, मुदत २१ होती. त्याला फोनवरच मजकूर सांगितला: ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक कारणाने काम थांबले आहे. यामुळे मुदत व खर्च वाढणार आहे. ही २०.१ खालील क्लेमची नोटीस आहे.’ मॅनेजरला नव्हे, इंजिनिअरच्या नावाने, कंत्राटात दिलेल्या पत्त्यावर. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पत्र दिलं आणि दुय्यम प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेऊन मला फोटो पाठवला.