पाइपाच्या पोटाखालची माती : मिनी पोकलेन आणि सक्शन गाडीचा अनुभव

जमिनीतल्या पाइपावरची माती काढायला पुण्यात यंत्रांची वानवा नाही. फोन केला की जेसीबी दारात. खरी अडचण पाइप उघडा पडल्यावर सुरू होते. लोखंडी पाइपाची गळती पुष्कळदा खालच्या अंगाला निघते. ओल तिथेच टिकून राहते, आणि पाइप टाकताना खाली राहून गेलेला एखादा टोकदार दगड पाइपावरचं गंजरोधक कोटिंग तिथेच फोडतो. वेल्डरला पाठीवर झोपून, वर बघत टाका मारायचा असेल तर पाइपाच्या पोटाखाली दीड-दोन फूट मोकळी जागा लागते. ती जागा करण्यातच सगळा वेळ, पैसा आणि धोका आहे.

पाण्याच्या लाइनी दुरुस्त करणं हा माझा धंदा. हडपसरला एका कारखान्याच्या आवारात 600 मिमीची लोखंडी लाइन गळत होती. वर डबर, मग काळी माती आणि पाइपाच्या बुडाला मुरूम. एका बाजूनं विजेची केबल, दुसरीकडून गॅसची नळी आडवी गेलेली. या कामाला मी मंतरवाडीकडच्या एका भाडेवाल्याकडून दोन टनी मिनी पोकलेन (छोटं खोदाई यंत्र) आणि ट्रकवर बसवलेली, नळीनं माती ओढून घेणारी सक्शन गाडी अशी जोडी घेतली. कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

जेसीबी मी वरच्या भरावापुरताच वापरला. मागच्या सीटवर बसलेल्या ऑपरेटरला पाइपाच्या खालचं काही दिसत नाही, आणि यंत्राच्या त्या हाताच्या ताकदीपुढे पाइपाचा 8 मिमीचा पत्रा म्हणजे काहीच नाही. आधीच्या एका साइटवर दुसऱ्याच एका भाडेवाल्याच्या ऑपरेटरनं बकेटचे दात पाइपाखाली घालून वर ओढलं होतं. एका भोकासाठी खणलं आणि हातभर कोटिंग नव्यानं करावं लागलं.

मिनी पोकलेनचा मोठा गुण म्हणजे तिचा बूम, म्हणजे खोदणारा हात, बुडापासून डावी-उजवीकडे वळतो. पाइपाला समांतर उभी राहून ती बगलेतली माती सरळ रेषेत काढते, आणि फिरताना तिची मागची बाजू भिंतीला घासत नाही. दोन्ही बगला मोकळ्या झाल्यावर एका बाजूनं उतार काढून आम्ही तिला खड्ड्यात उतरवलं. ऑपरेटरनं बकेट पूर्ण उघडली आणि उलथनं भाकरीखाली सारावं तशी पाइपाखाली सारली. वर उचलायचं नाही, फक्त मागे ओढायचं. हे त्याला सांगावं लागलं नाही, आणि याचंच मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं. पाइपाच्या बुडापासून वीतभर अंतर उरलं तेव्हा तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, ‘‘साहेब, आता माझं काम संपलं, नळी बोलवा.’’

ही नळी म्हणजे सक्शन गाडीची. एक माणूस दाबाच्या हवेच्या नळकांड्यानं माती भुसभुशीत करतो, दुसरा जाड नळी तिथे धरतो, आणि माती थेट गाडीच्या टाकीत जाते. लोखंडाचा दात पाइपाला किंवा केबलला कुठेच लागत नाही. मुरमात तर हे यंत्र बघत राहावं असं चालतं. पाइपाच्या पोटाला चिकटलेला थर सुटत गेला, गंजाचे पोपडे दिसायला लागले आणि भोक नेमकं कुठे आहे ते हात न लावता कळलं. केबलवरचं जुनं विटांचं आच्छादनसुद्धा जागचं हललं नाही. पहारीनं हेच काम करताना माणूस किती वेळ पाइपाखाली वाकून राहतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला या यंत्राची किंमत कळेल.

काळ्या मातीत मात्र सक्शन गाडीचं काही चालत नाही. गळतीच्या पाण्यानं भिजलेली माती नळीला आतून लिंपून बसते आणि दर थोड्या वेळानं नळी सोडवून झाडावी लागते. म्हणून आधी चिखल पंप लावून खड्डा कोरडा करा. नळीच्या तोंडापेक्षा मोठे दगड हातानंच काढावे लागतात. आवाज इतका की खड्ड्यातल्या माणसाला हाक ऐकू जात नाही. खुणेसाठी काठावर एक माणूस कायम ठेवा. आणि गाडी मोठी आहे, पेठांमधल्या बोळात ती वळणार नाही.

आता जे कुठल्याच यंत्राच्या माहितीपत्रकात नसतं ते सांगतो. 600 मिमीच्या भरलेल्या पाइपात दर मीटरला 280 किलोच्या वर नुसतं पाणी असतं, त्यात पत्र्याचं वजन धरा, म्हणजे जवळपास 400 किलो. यंत्र झपाझप खणतंय म्हणून सगळं पोट एकदम मोकळं केलं तर एवढं वजन अधांतरी राहतं आणि शेजारचे सांधे उघडतात. आमच्या गँगचे मामा यावर अडून बसतात, आणि ते बरोबर आहे. आधी एक टप्पा मोकळा, त्याखाली लाकडी स्लीपर (जाड ओंडके) आणि वाळूच्या गोण्या, मगच पुढचा टप्पा. मध्ये मुरमाचा खांब तसाच उभा. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना पत्रे आणि जॅकचा आधार हवाच, खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आयएस 3764, त्यात ते स्पष्ट लिहिलंय. भाडेवाल्यानं आधाराबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यानं विचारायला हवं होतं.

लांब पल्ल्याच्या तेल-गॅस वाहिन्यांसाठी पाइपावरच लटकून चालणारी यंत्रंही असतात. दोन्ही बगलांतून कटर खाली शिरतात, पाइप जागचा न हलवता सलग पोट मोकळं होत जातं, आणि मागून कोटिंगची टोळी येते. किलोमीटरच्या कामाला ती योग्य, आपल्या खड्ड्याएवढ्या कामाला नाहीत. आपल्याला खरी गरज आहे ती टिल्टरोटेटरची. हा जोड बकेट तिरकी करतो आणि गोल फिरवतो, त्यामुळे ती बाजूनं पाइपाखाली शिरते. स्वीडनमध्ये तो 1980 च्या दशकापासून आहे. मी मागितला, मला मिळाला नाही.

या जोडीचं भाडं जेसीबीच्या दुपटीहून जास्त पडलं. तरीही जिथे केबल किंवा गॅस शेजारी आहे, तिथे मी पुन्हा हीच घेईन. मोकळ्या रानातल्या लाइनीला मिनी पोकलेन आणि चार जाणती माणसं पुरतात.

पुन्हा भरताना यंत्राची मदत विसरा. पाइपाच्या बगलेखाली वाळू हातानं कोंबायची, पाणी मारायचं, पुन्हा कोंबायची. पोकळी राहिली की पाइप बसतो आणि टाका सुटतो.

बुकिंग करताना दोन गोष्टी फोनवरच पक्क्या करा: बकेटच्या दातांवर सपाट पट्टी मारलेली आहे का, आणि सक्शनची जादा नळी सोबत येणार का. आमच्याकडे पट्टी आली नव्हती, ती साइटवर आमच्याच वेल्डरनं मारली. शिवाय शक्यतो गुरुवार टाळा. त्या दिवशी शहरात पाणी बंद ठेवून दुरुस्त्या निघतात आणि चांगला ऑपरेटर आधीच कुणीतरी नेलेला असतो.