काम गेल्यावर: ईएसआयचा निम्मा पगार आणि राज्याचे दीड हजार

कोरोनात मुंबईतल्या कमी पगाराच्या माणसासाठी रोख मदतीच्या दोन वाटा ठळक होत्या. मात्र कुठली धरायची हे त्याच्या हातात नव्हतं.

पहिली, ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: नोकरी गेल्यावर विमा असलेल्या कामगाराला काही काळ रोख भत्ता. 2020 मध्ये तिची रक्कम सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाली, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. साकीनाक्याच्या गाळ्यात महिना 12,000 वर असलेल्याला म्हणजे तीन महिन्यांचे साधारण 18,000. नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येई, तोही थेट, जुन्या मालकाच्या दारात न जाता. ही सवलत मला फार मोलाची वाटते. ज्याने काढून टाकलं त्याच्याकडेच कागद मागायला जाणं किती जड असतं! अट मात्र कडक: दोन वर्षांची विमा असलेली नोकरी आणि भरलेली वर्गणी.

दुसरी, एप्रिल 2021 च्या निर्बंधांवेळी राज्याने जाहीर केलेले 1,500 रुपये. एकदाच. नोंदणीकृत घरकामगार, बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले यांना. इथे वर्गणी नको, नोंदणी हवी.

आता चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी घ्या. चार मालकिणी, पगाराची चिठ्ठी एकीकडेही नाही, म्हणून पहिली वाट बंद. घरकामगार मंडळात नाव नोंदलेलं नसेल तर दुसरीही. आणि नाव असलं तरी दीड हजारात खोलीचं एका महिन्याचं भाडंसुद्धा निघत नाही. पगाराशी जोडलेली पहिली पद्धतच मला न्याय्य वाटते, पण ती तासांवर काम करणाऱ्यांपर्यंत न्यायला हवी.