पारी/जीपी: सातव्या फर्मा संख्येवर चालवून पाहिलेलं अंकगणिती सॉफ्टवेअर

फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाढलेलं पारी/जीपी मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. ते लिनक्स आणि विंडोजवर बसवता येतं, अँड्रॉइडवर पारीड्रॉइड म्हणून मिळतं आणि नुसतं चाखून बघायचं असेल तर ब्राउझरमध्येही चालतं. मोठ्या संयुक्त संख्येचे गुणधर्म तपासायला याच्याइतकं हाताशी येणारं साधन क्वचितच सापडेल.

परीक्षेला सातवी फर्मा संख्या घ्यावी. फर्मा संख्या म्हणजे २^(२^क)+१ या साच्यातली संख्या, इथे क = ७: एन = २^१२८+१, एकूण ३९ अंक. ती संयुक्त असल्याचं आधीच माहीत होतं, पण मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी तिचे अवयव काढले ते १९७० साली. पारीची 'फॅक्टर' आज्ञा आज तेच काम साध्या लॅपटॉपवर क्षणात करते:

५९६४९५८९१२७४९७२१७ × ५७०४६८९२००६८५१२९०५४७२१

दोन्ही अवयवांतून १ वजा करून ५१२ने भागून पाहावं, बाकी शून्य येते. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला हा नियम लागू आहे.

अवयव न काढता नुसतं 'मूळ की संयुक्त' बघायचं असेल तर पाया २ वापरू नका. २चा (एन−१)वा घात एनने भागला की बाकी १च उरते. फर्मा संख्या कोणतीही घ्या, ती या चाचणीत मूळ असल्यासारखीच वागते. पाया ३ घेऊन (एन−१)/२ हा घात काढला आणि बाकी एन−१ आली नाही, की संख्या नक्की संयुक्त. हा पेपँ या गणितज्ञाचा निकष. मात्र पाया आधी 'मॉड'मध्ये, म्हणजे एनने भागून फक्त बाकी ठेवणाऱ्या प्रकारात, गुंडाळून मगच घात द्यायचा. आधी घात आणि मग बाकी असा क्रम ठेवला तर मधली संख्या कोणत्याही मेमरीत मावणार नाही आणि ओव्हरफ्लोची चूक येईल.

विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज (सिग्मा) आणि ऑयलरचं फाय (एनपर्यंतच्या किती संख्यांचा एनशी १ सोडून सामाईक अवयव नाही, तो आकडा) एकेका आज्ञेत मिळतं. पण प्रत्येक आज्ञेला एन दिला, तर अवयव पाडण्याचं काम पुन्हा पुन्हा होऊ शकतं. ३९ अंकांना ते जाणवत नाही, ८० अंकांना चांगलंच जाणवतं. म्हणून 'फॅक्टर'चं उत्तर एकदा साठवावं आणि पुढच्या आज्ञांना तेच द्यावं, त्या ते स्वीकारतात. इथे विभाजक ४ आहेत, आणि सिग्मा व फाय यांची बेरीज २एन+२ यायला हवी. दोन वेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराला हा ताळा नेहमी लागतो.

खरी काळजी 'मूळ' या निकालाची घ्यायला हवी. 'फॅक्टर'ने दिलेले मोठे अवयव मुळात संभाव्य मूळ असतात, सिद्ध केलेले नसतात. त्यामागची बीपीएसडब्ल्यू ही झटपट मूळ-चाचणी २^६४च्या खाली निर्दोष असल्याचं तपासलेलं आहे, त्यामुळे १७ अंकी अवयवाला तेवढं पुरतं. २२ अंकी अवयव त्या हद्दीबाहेर आहे, त्याला 'इझप्राइम' ही आज्ञा लावून सिद्धता घ्यावी. 'फॅक्टर'ला शोधाची मर्यादा दिली असेल, तर यादीतला शेवटचा आकडा संयुक्तही असू शकतो. तसा इशारा तिथे दिसत नाही, आणि ही उणीव मला खटकते.

स्टॅक, म्हणजे पारीची कामाची मेमरी, अपुरा पडल्याची चूक आली, तर त्याची कमाल मर्यादा 'पारीसाइझमॅक्स' वाढवून काही गिगाबाइट करावा. काम अडलंय की चालू आहे हे कळत नसेल, तर डीबग पातळी ४ ठेवावी, म्हणजे रो, एलिप्टिक कर्व्ह की क्वाड्रॅटिक सीव्ह या अवयव पाडण्याच्या पद्धतींपैकी काय चाललंय ते दिसतं.

नवव्या फर्मा संख्येतला २४२४८३३ हा अवयव पारी झटकन काढते, पण उरलेली १४८ अंकी संयुक्त संख्या तिच्या क्वाड्रॅटिक सीव्हच्या आवाक्यात नाही. तिथे अवयव पाडणारं काडो-एनएफएस हे सॉफ्टवेअर घ्यावं. २०२०मध्ये आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या फोडली गेली तीही त्यानेच, सुमारे २७०० कोअर-वर्षं (प्रोसेसरचा एक कोअर एक वर्ष चालला तर एक) खर्चून.